डीची पुडी आणि पावसाळ्यातला ताप

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: वय ३८, बँकेत नोकरी, ठाण्यात फ्लॅट. घरात नवरा, ९ आणि ५ वर्षांची दोन मुलं, ७१ वर्षांच्या सासूबाई. जूनपासून घरात सर्दी-तापाची तिसरी फेरी चालू आहे, एक उठतो तोवर दुसरा झोपतो. तपासणीत तुमचं व्हिटॅमिन डी ११ (मिलिलिटरमागे नॅनोग्रॅम) आलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, डी कमी आहे म्हणून तुम्हाला सारखं व्हायरल पकडतं; साठ हजार युनिटची पुडी रोज एक अशी महिनाभर घे आणि पोरांनाही दे. पुड्यांचा डबा घरात येऊन पडलाय आणि तुम्हाला विचारायचंय की काकू म्हणतात ते खरं का, आणि इतकं ऊन असलेल्या देशात तुमचं डी ११ कसं.

डबा उघडायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. आधी सरळ उत्तर देतो. ११ ही खरी कमतरता आहे आणि ती भरून काढायलाच हवी. पण पुडी आठवड्याला एक, अशी ८ आठवडे, तीही तुमच्या डॉक्टरांना दाखवून. रोज नाही. मुलांना त्या डब्यातली एकही पुडी स्वतःहून देऊ नका. आणि डी भरून निघालं की घरातले ताप थांबतील अशी आशा मी तुम्हाला देणार नाही. थोडा फरक पडला तर पडेल. असं का म्हणतो ते जरा लांबून सांगावं लागेल, कारण काकूंच्या बोलण्यात अर्धं सत्य आहे, आणि ते अर्धं मलाही महत्त्वाचं वाटतं.

डीला आपण जीवनसत्त्व म्हणतो, पण त्याची वागणूक संप्रेरकासारखी आहे. कातडीत कोलेस्टेरॉलच्या नात्यातला एक पदार्थ असतो. त्याच्यावर उन्हातले अतिनील ‘बी’ किरण पडले की डी तयार होतं. ते यकृतात जातं, तिथे त्याच्यात एक फेरफार होतो आणि २५-हायड्रॉक्सी डी बनतं. तुमच्या रिपोर्टवरचा ११ हा आकडा याचा. हे रूप अजून कामाला लागलेलं नसतं, साठवणीतलं असतं. मूत्रपिंडात दुसरा फेरफार झाला की कॅल्सिट्रायॉल नावाचं कामाचं रूप तयार होतं आणि ते आतड्याला अन्नातलं कॅल्शियम शोषून घ्यायला लावतं. मी वैद्यकीय कॉलेजात होतो तेव्हा आमची गोष्ट इथेच संपायची. हाडं, कॅल्शियम, लहान मुलांचा मुडदूस, म्हाताऱ्यांची ठिसूळ हाडं, झालं.

पण १९८३ मध्येच रक्तातल्या लढाऊ पांढऱ्या पेशींमध्ये डीला ओळखणारा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, सापडला होता. हाडांशी काही देणंघेणं नसलेल्या पेशींना डी कशाला ओळखायचंय, हा प्रश्न त्यानंतर वीसेक वर्षं रेंगाळला. नेमकं उत्तर २००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी दिलं, आणि तेही क्षयाच्या जंतूचा अभ्यास करताना. आपल्या शरीरात मॅक्रोफेज नावाच्या, जंतू गिळणाऱ्या पेशी असतात. क्षयाच्या जंतूची चाहूल लागली की ही पेशी दोन गोष्टी एकदम वाढवते: डीचा ग्राहक आणि साठवणीतल्या डीचं कॅल्सिट्रायॉल करणारं विकर (एन्झाइम). म्हणजे मूत्रपिंडावर विसंबून न राहता ती आपलं कॅल्सिट्रायॉल जागेवरच बनवते. त्या कॅल्सिट्रायॉलच्या हुकमावरून पेशीत कॅथेलिसिडिन नावाचं एक छोटं प्रथिन तयार होतं आणि ते जंतूच्या आवरणाला भोकं पाडतं.

त्याच प्रयोगातला पुढचा भाग आपल्यासाठी अधिक मोलाचा आहे. त्यांनी या पेशी काळ्या वर्णाच्या अमेरिकन लोकांच्या रक्तद्रवात ठेवून पाहिल्या. त्या रक्तद्रवात डी कमी होतं, आणि पेशींना कॅथेलिसिडिन पुरेसं बनवताच आलं नाही. वरून डी घातल्यावर बनवता आलं. चूल पेटलेली आहे, पातेलं चढवलेलं आहे, पण डब्यात तांदूळच नाहीत, अशी त्या पेशीची अवस्था होती. काकूंच्या बोलण्यातलं अर्धं सत्य ते हेच. मात्र उपमा थोडी पुढे न्या: डब्यात पोतंभर तांदूळ ओतले म्हणून पातेलं मोठं होत नाही. पुढचं सगळं उत्तर या एका वाक्याभोवती फिरतं.

क्षयाचा जंतू म्हणजे बॅक्टेरिया, तुमच्या घरातला ताप व्हायरसचा. तिथे काय होतं? इन्फ्लुएंझा, कोरोना आणि लहान मुलांच्या छातीत संसर्ग करणारा आरएसव्ही या विषाणूंना स्निग्ध पदार्थाचं बाहेरचं आवरण असतं. कॅथेलिसिडिन या आवरणावरही हल्ला करतं, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. उंदरांना इन्फ्लुएंझा देऊन मग हे प्रथिन वाफेसारखं हुंगायला दिलं तेव्हा त्यांचा आजार सौम्य झाला. आपल्या श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराच्या पेशीही साठवणीतल्या डीचं कॅल्सिट्रायॉल स्वतः बनवू शकतात, म्हणजे विषाणू जिथून आत शिरतो त्या दाराशीच ही सोय आहे.

डीचं आणखी एक काम आहे, ते लोकांच्या बोलण्यात कधी येत नाही. व्हायरल तापात अंग मोडून येतं, घसा सुजतो, छाती भरते, यातला बराच त्रास विषाणूपेक्षा आपल्याच शरीराच्या चढाईचा असतो. कोरोनात तर माणसं गेली त्यातली अनेक या बेफाम चढाईने गेली. डी इथे लगाम घालतं. श्वासनलिकेच्या पेशींना आरएसव्हीची लागण करून केलेल्या प्रयोगात असं दिसलं की डी दिल्यावर दाह करणारे संदेश कमी झाले, पण त्यामुळे विषाणूचं फावलं मात्र नाही, त्याची संख्या वाढली नाही. म्हणून ‘डीने इम्युनिटी वाढते’ हे वाक्य मला नेहमी अपुरं वाटतं. पेशंटला सांगताना मी म्हणतो, डीमुळे इम्युनिटी ताळ्यावर राहते.

इथवरचं सगळं काचपात्रातलं आणि उंदरांतलं. माणसांत काय?

माणसांतला पुरावा शोधताना मला आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरचा एक अभ्यास नेहमी आठवतो. २००४ साली प्रसिद्ध झालेला. पाच वर्षांखालची १५० मुलं, त्यातली ८० फुप्फुसाच्या गंभीर संसर्गाने दवाखान्यात आलेली, बाकीची तशी धडधाकट. ज्यांचं डी साधारण ९ नॅनोग्रॅमच्या वर होतं त्यांना गंभीर संसर्ग होण्याची शक्यता खूपच कमी निघाली. पहिले चार महिने निव्वळ अंगावरचं दूध मिळालेल्या मुलांचंही तसंच. चालू-रांगू लागायच्या आधी बाळाला उन्हात नेताना दुपट्यात गुंडाळलेलं असायचं की मोकळं, याचीसुद्धा त्या अभ्यासात नोंद घेतली होती. संशोधकांनी आपल्या घरांत डोकावून प्रश्न ठरवले होते हे यातून कळतं. त्याआधी १९९७ मध्ये इथिओपियात दिसलं होतं की न्यूमोनिया झालेल्या मुलांत मुडदूस असण्याची शक्यता इतर मुलांच्या मानाने तेरा पटींनी जास्त होती. मुडदुसाने बरगड्या मऊ पडतात, छाती नीट फुलत नाही, तेही एक कारण असणार.

हे वाचून माझ्यासारख्या डॉक्टरचा हात लगेच प्रिस्क्रिप्शनकडे जातो. माझाही गेला होता. पण अशा अभ्यासात एक मोठा चकवा असतो. आजारी माणसाचं डी कमी सापडलं, तर कमी डीमुळे तो आजारी पडला, की आजारी पडल्यामुळे डी कमी झालं? गुडघा बदलायच्या ऑपरेशनचा एक छोटा अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. ३३ माणसं, कुणाला संसर्ग नाही, ठरवून केलेलं ऑपरेशन. आधी डी मोजलं, नंतर मोजलं. दोन दिवसांत ते सुमारे ४० टक्क्यांनी उतरलं. दोन दिवसांत कुणाच्या शरीरातलं डी संपत नाही. शरीरात दाह सुरू झाला की रक्तातलं डी वाहून नेणारं प्रथिन कमी होतं, पाणी इकडचं तिकडे होतं आणि आकडा खाली येतो. तुमचं रक्त तापात किंवा तापानंतरच्या आठवड्यात दिलं असेल तर तुमच्या ११ मधला थोडा भाग या घसरणीचा असू शकतो. तरीही ११ इतकं कमी आहे की उपचार बदलत नाही.

शिवाय डी कमी कुणाचं असतं? जो घराबाहेर पडत नाही, ज्याचं वजन जास्त आहे, ज्याला मधुमेह आहे, जो आधीच थकलेला आहे त्याचं. हीच माणसं व्हायरसने जास्त आजारी पडतात. मग दोष डीचा की त्या सगळ्याचा? हे सोडवायचा मार्ग एकच. लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला डी द्यायचं, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि वाट पाहायची.

असे प्रयोग आता भरपूर झाले आहेत. जपानमध्ये २००८-०९ च्या हिवाळ्यात शाळकरी मुलांना रोज १२०० युनिट दिलं. इन्फ्लुएंझा ‘ए’ डी घेणाऱ्यांत १०.८ टक्के मुलांना झाला, न घेणाऱ्यांत १८.६ टक्के. त्याच प्रयोगात इन्फ्लुएंझा ‘बी’मध्ये मात्र फरक दिसला नाही. मंगोलियात हिवाळ्यात ऊन जवळपास कामाचं नसतं, तिथल्या मुलांना डी घातलेलं दूध दिलं तर पालकांनी सांगितलेल्या सर्दी-खोकल्याच्या खेपा निम्म्यावर आल्या. दुसरीकडे न्यूझीलंडमध्ये ३२२ प्रौढांमधल्या निम्म्यांना दर महिन्याला एक लाख युनिट असं दीड वर्ष दिलं, तर सर्दी-पडशाच्या खेपा दोन्ही गटांत सारख्याच: माणशी ३.७ आणि ३.८. ती माणसं मुळात कमतरता असलेली नव्हती. काबूलमध्ये तान्ह्या मुलांना दर तीन महिन्यांनी एक लाख युनिट दिलं, न्यूमोनिया कमी झाला नाही. दिल्लीत कमी वजनाच्या २०७९ बाळांमधल्या निम्म्यांना आठवड्याला १४०० युनिट दिलं. गंभीर आजार किंवा मृत्यू यांत फरक नाही, पण मुलांची वाढ बरी झाली.

इतकी उलटसुलट उत्तरं आल्यावर सगळे प्रयोग एकत्र करून पाहावे लागतात. २०१७ मध्ये असे २५ प्रयोग, जवळपास ११ हजार माणसं, एकत्र मांडली गेली. डी घेतल्याने श्वसनसंसर्गाची शक्यता थोडी कमी होते असं निघालं. त्यातल्या दोन बारकाव्यांनी माझी प्रिस्क्रिप्शन लिहायची पद्धतच बदलली. एक, फायदा रोज किंवा आठवड्याला थोडं थोडं घेणाऱ्यांत होता. एकदम मोठा डोस घेणाऱ्यांत नव्हता. दोन, ज्यांचं डी १० च्या खाली होतं त्यांच्यात फायदा सगळ्यात जास्त होता. डब्यात तांदूळ नसलेल्यांना तांदूळ दिल्याचा उपयोग झाला.

पुढे २०२१ मध्ये असे ४३ प्रयोग एकत्र मांडले गेले, तेव्हा फायदा आणखी बारीक झाला: किमान एकदा संसर्ग झालेली माणसं ६२.३ टक्क्यांवरून ६१.३ टक्क्यांवर. २०२५ मध्ये ४६ प्रयोग, ६४ हजारांवर माणसं, आणि आता तो फायदा योगायोगापासून वेगळा काढता येईल इतकाही उरला नाही. आधीचे ते दोन बारकावेही या खेपेला ठामपणे दिसले नाहीत. मी हे लपवत नाही, कारण पेशंटला अर्धी गोष्ट सांगणं मला पटत नाही. माझं मत विचाराल तर असं: नंतरचे मोठे प्रयोग बहुतेक श्रीमंत देशांतल्या, डी मुळात ठीक असलेल्या लोकांवर झाले. भरलेल्या डब्यात तांदूळ ओतून फरक पडणार नव्हताच. ११ किंवा ७ आकडा असलेल्या माणसाला ते निकाल जसेच्या तसे लागू करायला मी तयार नाही. पण त्याला ‘पुडी घे, ताप येणार नाही’ असं सांगायलाही मी तयार नाही.

मोठा डोस का फसतो याचं कारणही शरीरातच सापडतं. एकदम लाखभर युनिट आलं की शरीर घाबरून डी मोडणारं विकर वाढवतं. रक्तातला आकडा वर दिसतो, पण पेशींमध्ये कामाचं रूप त्या मानाने बनत नाही. आणि असा डोस नुसता वाया जातो एवढंच नसतं. ऑस्ट्रेलियात वयस्कर बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिलं होतं, हाडं मजबूत व्हावीत म्हणून. त्यांच्यात पडण्याचं आणि हाड मोडण्याचं प्रमाण उलट वाढलं. आपल्याकडे सहा लाख युनिटचं इंजेक्शन ‘वर्षाचं काम एकदाच’ म्हणून टोचून घेणारे आजही येतात. तुमच्या सासूबाईंना कुणी तसं सुचवलं तर नको म्हणा.

कोरोनाचा काळ इथे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात माझ्या प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर झिंक, व्हिटॅमिन सी आणि साठ हजारची पुडी असायची. हातात दुसरं काही नव्हतं, आणि वरचं शास्त्र ठाऊक असल्यामुळे मला मनापासून वाटायचं की याने काही जीव वाचतील. चंडीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी रुग्णालयात ४० जणांवर छोटा प्रयोग झाला. मोठा डोस घेतलेल्यांचा विषाणू लवकर दिसेनासा झाला, असं त्यात आढळलं, तेव्हा आम्हाला फार धीर आला. मग मोठे प्रयोग आले. ब्राझीलमध्ये दवाखान्यात भरती झालेल्या २४० रुग्णांमधल्या निम्म्यांना दोन लाख युनिट एकदम दिलं. दोन्ही गट सरासरी सात दिवसच दवाखान्यात राहिले. ब्रिटनमध्ये ६२०० जणांमधल्या निम्म्यांचं डी तपासून कमी असेल त्याला सहा महिने गोळ्या दिल्या. श्वसनसंसर्गात फरक नाही, कोरोनात फरक नाही. नॉर्वेत ३४ हजारांवर लोकांमधल्या निम्म्यांनी सहा महिन्यांपर्यंत रोज चमचाभर कॉड माशाचं तेल घेतलं, फरक नाही. ज्यांच्यासाठी मी ती पुडी लिहिली त्यातले काही आज नाहीत. पुडीने त्यांचं नुकसान झालं नाही, पण त्यांच्या घरच्यांनी पुडीवर ठेवलेला भरवसा मला आजही बोचतो. ऑक्सिमीटरवर ठेवायला हवा होता तो भरवसा. म्हणून आता मी या विषयावर मोजून बोलतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न: इतकं ऊन असलेल्या देशात माझं डी ११ कसं?

सकाळी साडेआठची लोकल, दिवसभर काचेआड एसी, संध्याकाळी साडेसातला घर. सुट्टीच्या दिवशी बाहेर पडताना पूर्ण बाह्या, ओढणी, सनकोट. शरीराला ऊन दिसतंच कुठे? आणि बंद खिडकीतून येणाऱ्या उन्हाने डी बनत नाही. काचेतून उजेड येतो, ऊब येते, अतिनील ‘बी’ किरण अडतात. आपल्या सावळ्या कातडीतलं रंगद्रव्य हे किरण शोषून घेतं, त्यामुळे गोऱ्या माणसाला जे दहा मिनिटांत मिळतं त्याला आपल्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. हवेतल्या धुराचाही वाटा आहे: दिल्लीत दाट धुरकट वस्तीतल्या बाळांचं डी सरासरी १२.४ होतं आणि कमी प्रदूषित भागातल्या बाळांचं २७.१.

सगळ्यात मोठी गैरसमजूत मात्र आपल्या लाडक्या कोवळ्या उन्हाची आहे. ‘सकाळी सातला गच्चीवर कोवळ्या उन्हात बसते, तरी डी कमी कसं?’ हे मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचे किरण हवेच्या खूप जाड थरातून येतात आणि डीसाठी लागणारे किरण वाटेतच गळून जातात. तिरुपतीच्या संशोधकांनी डीचा कच्चा माल भरलेल्या कुप्या दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी उन्हात ठेवून पाहिल्या. डी तयार झालं ते मुख्यतः सकाळी ११ ते दुपारी २ या वेळात. घड्याळ न पाहता ओळखायची सोपी खूण म्हणजे सावली. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर त्या उन्हात डी आहे, लांब असेल तर नुसती ऊब आहे. कोवळ्या उन्हात बाळाला तेल लावून लोळवण्यात काही वाईट नाही, बाळाला आणि आजीला दोघांना ते सुख आहे. पण त्यातून बाळाला डी मिळालं असं धरू नका. बाळाला जन्मापासून वर्षाचं होईपर्यंत रोज ४०० युनिटचे थेंब द्यायचे असतात, ते त्यासाठीच.

पावसाळ्यात तर ढग सूर्याला झाकतात, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर इन्फ्लुएंझाची मोठी लाटही पावसाळ्यातच येते. या दोन्ही गोष्टी एकदम घडतात म्हणून एकीने दुसरी होते असं म्हणण्याचा मोह होतो. पण त्याच दिवसांत दमट हवा असते, शाळा नुकत्या उघडलेल्या असतात, खिडक्या बंद असतात, एकेका रिक्षात आठ मुलं कोंबलेली असतात. तुमच्या घरातल्या तीन फेऱ्यांचं कारण मला तुमच्या रक्तातल्या ११ पेक्षा त्या रिक्षात जास्त दिसतं. पहिली-दुसरीतलं मूल वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी घेऊन घरी येतं, आणि तेवढं सामान्यच आहे.

जेवणातून डी भरून काढता येईल का, तर फारसं नाही. बांगडा, पेडवे, रावस यांत बऱ्यापैकी असतं, अंड्याच्या पिवळ्यात थोडं. पिशवीवर निळं ‘एफ’ आणि अधिकचं चिन्ह असलेलं दूध घेत असाल तर त्यात लिटरमागे २०० ते ३०० युनिट असतं, म्हणजे एका पेल्यात ४० ते ६०. प्रौढाची रोजची गरज आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ६०० युनिट ठरवली आहे. हिशोब तुम्हीच करा, तुम्ही बँकेत आहात. तरी ते चिन्ह पाहूनच दूध-तेल घ्या, थेंबे थेंबे चांगलंच.

आकड्यांबद्दलही एक सांगून ठेवतो. ‘भारतात नव्वद टक्के लोकांना कमतरता’ असं तुम्ही वाचलं असेल. ते रेषा कुठे आखली त्यावर आहे. ३० च्या खाली सगळे आजारी असं धरलं तर जवळजवळ सगळा देश आजारी निघतो. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १२ ची रेषा धरली होती, तेव्हा १ ते ४ वर्षांच्या मुलांत १४ टक्के, ५ ते ९ मध्ये १८ टक्के आणि १० ते १९ मध्ये २४ टक्के कमतरता निघाली. वय वाढतं तशी वाढते, कारण मूल खेळाच्या मैदानातून क्लासमध्ये जातं. ज्या अमेरिकन संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेने पूर्वी ३० ची रेषा लोकप्रिय केली, तिनेच २०२४ मध्ये ती मागे घेतली आणि धडधाकट माणसांनी उगाच डी तपासत बसू नये असं सांगितलं. त्याच सूचनांत १ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज थोडं डी द्यावं असंही म्हटलंय, मुडदूस टाळायला आणि श्वसनसंसर्ग कदाचित कमी व्हावेत म्हणून. मी २० च्या वर असलेल्या माणसाला औषध देत नाही, ऊन आणि ६०० युनिट एवढंच सांगतो.

काकूंच्या ‘रोज एक पुडी’ने काय होतं तेही सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आणले गेले. दोन आठवडे तोंडाला चव नाही, उलट्या, घट्ट बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, आणि शेवटी बोलण्यात गोंधळ. घरच्यांना वाटलं अर्धांगवायूची सुरुवात. रक्तातलं कॅल्शियम १३ च्या वर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) दुप्पट, डी यंत्राच्या मापापलीकडे. कंबरदुखीसाठी ‘आठवड्याला एक’ लिहिलेली पुडी त्यांनी तीन महिने रोज घेतली होती, वर एक इंजेक्शनही. डी चरबीत साठतं, ते लघवीतून धुऊन जात नाही. पुड्या बंद केल्यावरही कॅल्शियम ताळ्यावर यायला कित्येक आठवडे गेले. मूत्रपिंडं वाचली, पूर्णपणे नाही. कुणाला पूर्वी मुतखडा झालेला असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मी जास्तच सांभाळतो. क्षय किंवा सार्कॉइड (शरीरात जागोजागी दाहाच्या बारीक गाठी करणारा आजार) असलेल्यांत वर सांगितलेल्या जंतू गिळणाऱ्या पेशी आधीच स्वतःहून कॅल्सिट्रायॉल बनवत असतात, त्यांच्यात थोड्या डीनेही कॅल्शियम चढू शकतं.

तुमच्या घरापुरतं आता असं करा. तुम्ही: आठवड्याला एक पुडी, रविवारी दुपारी जेवणानंतर, दुधातून. वार पक्का ठेवा आणि कॅलेंडरवर खूण करा. ८ आठवडे झाले की पुडी बंद, त्यानंतर रोज ६०० ते १००० युनिटची छोटी गोळी. तीन महिन्यांनी, ताप नसताना, एकदा तपासा; त्याआधी तपासून पैसे घालवू नका, रक्तातला आकडा स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतोच. डबा लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, ती पुडी चवीला गोड असते. नवरा: धडधाकट आहेत, तपासणीची गरज नाही. रविवारी अकरा-साडेअकराला मुलांना घेऊन अर्धा तास मैदानावर, बाह्या वर करून, टोपी घालून. सावली आखूड आहे ना ते मुलांनाच मोजायला लावा, त्यांना मजा येते. मुलांसाठी रोजचं ६०० युनिट सिरप किंवा गोळी, बालरोगतज्ज्ञांना विचारून.

तापांसाठी जे खरंच उपयोगी आहे ते डीच्या बाहेर आहे. सासूबाईंना आणि मुलांना इन्फ्लुएंझाची लस, शक्य तर दरवर्षी पावसाळ्याआधी. आजारी मुलाला शाळेत न पाठवणं. बाहेरून आल्यावर साबणाने हात. आणि ठाण्यात राहताय म्हणून सांगतो, पावसाळ्यातला प्रत्येक ताप ‘व्हायरल’ म्हणून सोडून देऊ नका. डी घेतल्याने डेंग्यू टळतो असं कुठल्याही मोठ्या प्रयोगात दिसलेलं नाही. ताप उतरत असताना पोट दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, अंग गार पडून सुस्ती आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

राहिल्या सासूबाई. त्यांचं डी एकदा तपासणं योग्य आहे, वय पाहता आणि घरातच असतात म्हणून. पण तपासायच्या आधी त्यांच्या गोळ्यांचा डबा घेऊन बसा. या वयाच्या बायकांना कॅल्शियमची गोळी बहुधा चालू असते, आणि त्या गोळीत सहसा डीही असतं. गुडघ्यासाठी कुणी दिलेली दुसरी गोळी असेल, त्यातही असतं. एखाद्या ताकदीच्या पावडरीत असतं. सगळ्यांच्या वेष्टनांवरचे डीचे आकडे एका कागदावर लिहा, बेरीज करा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांना नवीन काही सुरू करायचं की असलेलं काही बंद करायचं, ते त्या बेरजेवरून ठरेल.